स्नायूचाचणी : निदानाचे साधन आणि त्याच्या मर्यादा — कायरोप्रॅक्टिक उपचारपद्धतीच्या संदर्भात

सारांश

हाताने दाब देऊन स्नायूची ताकद तपासणे ही वैद्यकातील एक जुनी व उपयुक्त चाचणी आहे. हीच चाचणी कायरोप्रॅक्टिक उपचारपद्धतीतील एका प्रवाहाने १९६४ नंतर वेगळ्याच हेतूने वापरली. शरीरातील जीवनसत्त्वांची कमतरता, अन्नाचे वावडे, अंतर्गत अवयवांचे दोष यांचे निदान स्नायूच्या प्रतिकारावरून करता येते, असा दावा त्यातून पुढे आला. प्रस्तुत लेखात या दोन्ही उपयोगांचा उगम, त्यामागील तर्क आणि उपलब्ध पुरावा यांची तुलना केली आहे. चाचणी बाह्यतः एकच असली तरी तिला विचारलेले प्रश्न भिन्न आहेत आणि पहिल्या प्रश्नाची विश्वासार्हता दुसऱ्याला उसनी देता येत नाही, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्नायूचाचणी, कायरोप्रॅक्टिक, अप्लाइड किनेसिऑलॉजी, फिजिओथेरपी, दुहेरी अंध चाचणी.

१. प्रस्तावना

मीरा-भाईंदर शहरातील हाटकेश हा परिसर मीरा रोड रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस वसलेला आहे. एकीकडे उद्योगनगरातील गाळे आणि दुसरीकडे गृहनिर्माण संस्थांच्या इमारती असे त्याचे स्वरूप आहे. गाळ्यात दिवसभर उभे राहून यंत्र चालविणारा कामगार, लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून मुंबई गाठणारा नोकरदार, पाठीवर दप्तराचे ओझे वाहणारा विद्यार्थी आणि फळ्यासमोर सलग तासिका घेणारा प्राध्यापक या सर्वांना मान, खांदा किंवा कंबर यांचे दुखणे अपरिचित नाही. अशा दुखण्यावर सल्ला देणारेही अनेक असतात. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वैद्य, परंपरागत हाडवैद्य आणि अलीकडच्या काळात महानगरांतून परिचित झालेला कायरोप्रॅक्टर असे पर्याय रुग्णापुढे असतात.

यांपैकी निरनिराळ्या दोन तपासणीच्या खोल्यांत रुग्णाला एकच वाक्य ऐकू येण्याची शक्यता असते : “हात समोर सरळ धरा. मी खाली दाबतो, तुम्ही विरोध करा.” दोन्ही ठिकाणी हात सारखाच दाबला जातो. परंतु एका खोलीत निष्कर्ष निघतो, “मानेतून निघणारी नस दबली असावी.” दुसऱ्या खोलीत निष्कर्ष निघू शकतो, “तुम्हाला गहू सोसत नाही.” रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही अनुभव तितकेच प्रत्यक्ष असतात, कारण आपला हात खाली गेलेला त्याने स्वतः पाहिलेला असतो. म्हणूनच या दोन निष्कर्षांतील भेद समजून घेणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) स्नायूचाचणीचा उगम आणि तिचा महाराष्ट्रातील प्रवेश यांचा आढावा घेणे.
२) कायरोप्रॅक्टिकमधील स्नायूचाचणीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) दोन्ही उपयोगांमागील पुराव्याची तुलना करणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर या चाचणीची पारख कशी करता येईल, हे सुचविणे.

लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. स्नायूचाचणीचा उगम व महाराष्ट्रातील प्रवेश

स्नायूचाचणीचा जन्म पोलिओच्या साथींतून झाला. पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींवर आघात करतो. त्यामुळे एकाच पायातील एक स्नायू पूर्ण लुळा पडतो, तर शेजारचा स्नायू शाबूत राहतो. कोणता स्नायू किती वाचला आहे हे कळल्याशिवाय व्यायाम, आधारपट्टी किंवा शस्त्रक्रिया यांचे नियोजन करता येत नाही. बॉस्टन येथील अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१० च्या दशकात प्रत्येक स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आणि हाताच्या दाबाविरुद्ध तपासण्याची पद्धत विकसित केली. १९४३ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने युद्धात जखमी झालेल्यांच्या मज्जातंतूंची तपासणी करण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी प्रसिद्ध केली. १९४९ मध्ये हेन्री आणि फ्लॉरेन्स केंडॉल या दांपत्याने स्नायूंच्या चाचण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांसाठी तो पुढे आधारग्रंथ ठरला.

मुंबईतही पोलिओनेच या शास्त्राला वाट करून दिली. फातेमा इस्माईल यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी १९४७ मध्ये संस्था स्थापन केली. के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. त्यापाठोपाठ त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालय उभे राहिले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाचा समावेश असलेला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. रोग गेला, परंतु त्याच्या निमित्ताने घडलेली चाचणी मागे राहिली. पक्षाघात, अपघात, मणक्यांची दुखणी आणि मधुमेहाने होणारी मज्जातंतूंची हानी यांच्या तपासणीत ती आजही दररोज वापरली जाते.

४. वैद्यकीय स्नायूचाचणी काय सांगते?

वैद्यकीय स्नायूचाचणीची श्रेणी अशी आहे : स्नायूत आकुंचनच नसेल तर ०, आकुंचनाची केवळ चाहूल लागत असेल तर १, गुरुत्वाकर्षणाचा भार वगळल्यावर हालचाल होत असेल तर २, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल होत असेल तर ३, तपासणाऱ्याच्या काही दाबाला स्नायू पुरा पडत असेल तर ४, आणि पूर्ण ताकद असेल तर ५.

या अंकांना अर्थ येतो तो शरीररचनेमुळे. प्रत्येक स्नायूला ठरावीक मज्जातंतूमार्फत आणि तो मज्जातंतू मेरुरज्जूच्या ठरावीक पातळीवरून आज्ञा मिळते. दंड बाजूस उचलण्याची क्रिया प्रामुख्याने मानेच्या पाचव्या मुळावर, कोपर ताठ करण्याची क्रिया सातव्या मुळावर अवलंबून असते. पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमरेच्या पाचव्या मुळाकडून, तर चवड्यावर उभे राहण्याची ताकद त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाकडून येते. त्यामुळे कंबरदुखीच्या रुग्णाला टाचांवर चालता येत नसेल तर कोणत्या पातळीकडे पाहावे, याची दिशा मिळते. पुढे संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया आणि आवश्यकतेनुसार एमआरआय यांच्याशी हा निष्कर्ष पडताळून पाहता येतो. चाचणी चुकीची असेल तर ती उघडी पडण्याची सोय या व्यवस्थेतच आहे.

या चाचणीच्याही मर्यादा आहेत. चौथ्या श्रेणीचा पट्टा फार रुंद आहे. थोडी अशक्त आणि बरीच अशक्त अशा दोन्ही अवस्था तीतच मोडतात. तपासणाऱ्याची स्वतःची ताकद, रुग्णाची वेदना आणि त्याचे सहकार्य यांचा परिणाम होतो. दोन तपासनीसांच्या निष्कर्षांत एका श्रेणीचा फरक पडू शकतो. म्हणून जेथे अचूक मापन हवे तेथे हातात धरावयाचे बलमापक यंत्र वापरले जाते. तथापि या मर्यादा मापनाच्या आहेत. स्नायूची ताकद तपासून स्नायूविषयी व त्याच्या मज्जातंतूविषयी बोलणे, हा मूळ तर्क त्यामुळे बाधित होत नाही.

५. कायरोप्रॅक्टिकमधील स्नायूचाचणी

कायरोप्रॅक्टिक या पद्धतीचा प्रारंभ डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे केला. मणक्यांच्या सांध्यांवर हाताने झटका किंवा दाब देऊन उपचार करणे हे तिचे वैशिष्ट्य होय. या पद्धतीस कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये प्रथम परवाना दिला आणि १९७४ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत तिला कायद्याची चौकट मिळाली. कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचाराचा मर्यादित लाभ होतो, असे दाखविणारे संशोधनही उपलब्ध आहे. त्यामुळे ही संपूर्ण पद्धती आणि तिच्यातील एक चाचणी यांची गल्लत करणे योग्य ठरणार नाही. अनेक कायरोप्रॅक्टर स्नायूचाचणी केवळ वर वर्णिलेल्या वैद्यकीय अर्थाने करतात.

वेगळे वळण लागले ते १९६४ मध्ये. डेट्रॉइट येथील कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांच्याकडे एक तरुण आला. त्याच्या खांद्याचे पसरट हाड बरगड्यांपासून सुटून मागे आल्यासारखे दिसत होते. ते हाड बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू चाचणीत अशक्त आढळला. त्या स्नायूच्या मुळाशी लागलेल्या लहान गाठी चोळल्यावर स्नायू तत्काळ बळकट झाला, असे गुडहार्ट यांनी नोंदविले. चाचणीचे तंत्र त्यांनी केंडॉल यांच्याच ग्रंथावरून घेतले होते. परंतु या अनुभवातून त्यांनी ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ नावाची प्रणाली उभारली. तिच्यानुसार प्रत्येक स्नायूचा संबंध एखाद्या अंतर्गत अवयवाशी असतो. तसेच एखादा पदार्थ जिभेवर ठेवला असता स्नायूच्या प्रतिकारात पडणाऱ्या फरकावरून तो पदार्थ शरीरास हितकर आहे की अहितकर, हे ओळखता येते.

गुडहार्ट यांचे सहकारी जॉन थाय यांनी १९७३ मध्ये सर्वसामान्यांसाठी याचे सुलभ रूप पुस्तकातून मांडले. त्यानंतर ही चाचणी दवाखान्याबाहेर पडली. काही ठिकाणी पदार्थ जिभेवर ठेवण्याऐवजी बाटलीत बंद करून हातात देणे पुरेसे मानले जाऊ लागले. २०१० च्या सुमारास खेळाडूंमध्ये लोकप्रिय झालेल्या ‘पॉवर बॅलन्स’ या मनगटपट्टीची विक्रीही अशाच प्रात्यक्षिकांवर होत असे : पट्टी नसताना हात दाबला की तोल जातो, पट्टी घातल्यावर जात नाही. ऑस्ट्रेलियातील ग्राहक-संरक्षण यंत्रणेने हस्तक्षेप केल्यावर, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, हे त्या कंपनीस डिसेंबर २०१० मध्ये मान्य करावे लागले.

६. चाचणीचीच चाचणी

कोणत्याही निदानसाधनाला दोन प्रश्न विचारावे लागतात. दोन तपासनीसांना स्वतंत्रपणे सारखेच उत्तर मिळते काय? आणि ते उत्तर अन्य खात्रीच्या मापनाशी जुळते काय? पहिला प्रश्न विश्वसनीयतेचा, दुसरा सप्रमाणतेचा होय. पूर्वग्रहाचा परिणाम टाळण्यासाठी तपासणारा आणि तपासला जाणारा या दोघांनाही बाटलीत काय आहे हे माहीत नसावे, अशी दुहेरी अंध पद्धत वापरली जाते.

अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तीन अनुभवी तपासनीसांनी ११ व्यक्तींमधील चार पोषकद्रव्यांची स्थिती स्नायूचाचणीने ठरविली. थायमिन, जस्त, जीवनसत्त्व ‘अ’ आणि जीवनसत्त्व ‘क’ ही ती चार द्रव्ये होत. तीन तपासनीसांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि प्रयोगशाळेतील तपासणीशीही जुळले नाहीत. २००१ मध्ये ल्युडके व सहकाऱ्यांनी गांधीलमाशीच्या विषाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या रुग्णांवर प्रयोग केला. विषाची बाटली आणि निरुपद्रवी द्रवाची बाटली यांतील फरक स्नायूचाचणीला केवळ अंदाजापेक्षा अधिक चांगल्या रीतीने ओळखता आला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेच्या पुढाकाराने २०१० मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करण्यासाठी अप्लाइड किनेसिऑलॉजी वापरू नये, अशी स्पष्ट शिफारस आहे.

या संदर्भात २००७ मधील एक वाद उद्बोधक आहे. कथबर्ट आणि गुडहार्ट यांनी स्नायूचाचणीवरील संशोधनाचा आढावा घेऊन ती विश्वसनीय व सप्रमाण असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यावर हास, कूपरस्टाइन आणि पीटरसन यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. मज्जातंतू व स्नायूंच्या विकारांत चाचणी उपयुक्त आहे, हे दाखविणारे पुरावे अप्लाइड किनेसिऑलॉजीच्या खात्यावर जमा करता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. हे आक्षेपकर्ते कायरोप्रॅक्टिकच्या क्षेत्रातीलच संशोधक होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

७. मग हात खाली का जातो?

दावा टिकत नाही असे म्हटल्यावर एक प्रश्न उरतोच : रुग्णाचा हात खरोखर खाली गेला, तो का? येथे फसवणुकीचा आरोप करण्याची घाई करू नये. बहुसंख्य प्रसंगी तपासणारा प्रामाणिक असू शकतो. कारणे साधी व भौतिक आहेत.

पहिले कारण तरफेचे. खांद्यावर येणारे परिबल म्हणजे दाब गुणिले अंतर. दाब खांद्यापासून ३० सेंटिमीटरवर, कोपराजवळ दिला आणि नंतर तोच दाब ६० सेंटिमीटरवर, मनगटाजवळ दिला तर परिबल दुप्पट होते. बोटांची जागा थोडी जरी सरकली तरी निकाल बदलतो. दुसरे कारण दाबाचा वेग व दिशा. हळूहळू वाढणाऱ्या दाबाला स्नायू जुळवून घेतो. अनपेक्षित दाबाला घेत नाही. तिसरे कारण सराव आणि थकवा. पहिल्या दाबात रुग्ण गाफील असतो, दुसऱ्यात सावध असतो.

चौथे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. मनातील अपेक्षेमुळे नकळत होणाऱ्या लहान स्नायुहालचालींना विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्ये शास्त्रीय संज्ञा दिली. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी आत्म्याच्या प्रभावाने फिरणाऱ्या मेजांचा शोध घेतला. मेज आणि हात यांच्यामध्ये सरकणारे थर ठेवून, मेजाआधी माणसांचे हात हलतात, हे त्यांनी दाखविले. हात ठेवणारे खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हते.

मराठी वाचकाला यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याची गरज नाही. विहिरीची जागा दाखविणाऱ्या पाणाड्याच्या हातातील बेचक्याची काडी वाकते किंवा तळहातावरील आडवा नारळ उभा राहतो, तेव्हा शेतकऱ्याला तो भूगर्भातील पाण्याचा इशारा वाटतो. एके काळी मध्यमवर्गीय घरांतून रंगणाऱ्या प्लँचेटवरील वाटीही अशीच सरकत असे. काडी, वाटी आणि रुग्णाचा पुढे धरलेला हात यांत एक साम्य आहे : तिन्ही ठिकाणी क्षुल्लक बलाने मोठा दृश्य परिणाम घडतो आणि ते बल देणाऱ्याला त्याची जाणीव नसते.

८. महाराष्ट्रातील स्थिती व रुग्णहित

महाराष्ट्रात वैद्यक व्यवसायासाठी १९६१ चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आणि फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम, २००२ अस्तित्वात आले. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपीचा समावेश आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी मात्र भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात परवाना असणारी व्यक्ती आणि अल्पकालीन शिबिरात तंत्र शिकलेली व्यक्ती यांतील फरक हाटकेशमधील रुग्णाला पाटीवरून कळणे कठीण आहे. त्यामुळे पदवी, नोंदणी आणि नोंदणी करणारी परिषद यांची विचारणा करणे, हा रुग्णाचा शिष्टाचारभंग नसून हक्क मानला पाहिजे.

हानी दोन प्रकारांनी होऊ शकते. बाटलीच्या चाचणीवर विसंबून लहान मुलाच्या आहारातून दूध, गहू किंवा डाळी काढून टाकल्यास वाढीच्या वयात पोषणाची उणीव निर्माण होते. उलट खरी ॲलर्जी ‘नाही’ ठरविली गेल्यास जिवावर बेतू शकते. दुसरा धोका विलंबाचा आहे. पाऊल उचलता न येणे, दोन्ही पायांत अशक्तपणा येणे, बैठकीच्या भागात बधिरता किंवा लघवी अडणे ही लक्षणे कंबरदुखीसोबत दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. अशा रुग्णाला खऱ्या स्नायूचाचणीची नितांत गरज असते. तिच्या नावाने भलतीच चाचणी झाली तर नुकसान दुहेरी होते.

९. महाविद्यालयात करता येण्याजोगा प्रयोग

या विषयाची पारख करण्यासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. रिकाम्या अपारदर्शक कॅप्सूलमध्ये साखर आणि मीठ भरावे. एका प्राध्यापकाने दुसऱ्या खोलीत दहा वेळा नाणेफेक करून, छाप पडल्यास साखर व काटा पडल्यास मीठ, अशा रीतीने दहा क्रमांकित पाकिटे तयार करावीत आणि यादी बंद ठेवून त्या खोलीतच थांबावे. दुसऱ्या व्यक्तीने पाकिटे न उघडता आणून द्यावीत. खांद्याची दुखापत नसलेल्या व संमती दिलेल्या विद्यार्थ्याने पाकीट हातात धरावे आणि तपासनीसाने दंड दाबून ‘साखर’ की ‘मीठ’ हे सांगावे. हीच चाचणी आधी उघड्या कॅप्सूलवर करून घेतल्यास तुलना अधिक बोलकी होते.

केवळ अंदाजाने दहापैकी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. सहा किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता १०२४ पैकी ३८६, म्हणजे सुमारे ३८ टक्के आहे. त्यामुळे सहा बरोबर येणे हा चमत्कार नव्हे. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता मात्र १०२४ पैकी ११, म्हणजे जवळपास एक टक्का आहे. यशाची रेषा कोठे आखायची हे प्रयोगापूर्वी ठरवून लिहून ठेवावे. भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या विभागांना हा प्रयोग एकत्रितपणे घेता येईल.

१०. निष्कर्ष

१) स्नायूची ताकद तपासून स्नायू, मज्जातंतू आणि मेरुरज्जू यांविषयी अनुमान करणे शरीररचनेवर आधारलेले असून ते अन्य तपासण्यांनी पडताळता येते.
२) त्याच चाचणीवरून पोषण, ॲलर्जी किंवा अंतर्गत अवयव यांविषयी केलेले निदान नियंत्रित अभ्यासांत टिकलेले नाही.
३) हात खाली जाण्याचा अनुभव खरा असला तरी त्याचे कारण दाबाची जागा, वेग, सराव आणि अपेक्षा यांत शोधावे लागते.
४) कायरोप्रॅक्टिकचे मूल्यमापन करताना हस्तोपचार आणि अप्लाइड किनेसिऑलॉजी यांचा स्वतंत्रपणे विचार होणे उचित ठरेल.

मुंबईतील पोलिओग्रस्त मुलांच्या पायांवर ठेवलेल्या हातांनी ‘या स्नायूत किती ताकद उरली आहे?’ एवढाच प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाच्या मर्यादेतच चाचणीची प्रतिष्ठा होती. हाटकेशमधील रुग्णानेही पुढे धरलेला हात खाली गेल्यावर इतकेच विचारावे : या उत्तराची पडताळणी दुसऱ्या कोणत्या तपासणीने करता येईल? ज्या निदानाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यावर आहार, औषध किंवा उपचार बेतणे योग्य नव्हे.